अर्थिंगला पाणी

आमच्या आळीत सकाळी सगळे तुळशीला पाणी घालतात. मयेकरभाऊ अर्थिंगला घालतात.

त्यांच्या घरामागे, विजेच्या मीटरखाली, जमिनीत एक खड्डा आहे. त्यात तांब्याची पट्टी, भोवती खडेमीठ आणि लाकडी कोळसा, वर सिमेंटचं झाकण. असा खड्डा प्रत्येक घराला असतो. वायरमन तो खणतो आणि घरमालक तो विसरतो. भाऊ विसरत नाहीत. अंघोळ झाली की कमरेच्या पंच्यावरच कळशी घेऊन मागे जातात, झाकण उचलतात, हळू धार सोडतात आणि आत वाकून विचारतात, "पुरला काय रे?" खड्डा काही बोलत नाही, तरी ते जरा वेळ थांबतात.

ही माहिती मला हवी होती अशातला भाग नाही. पण आमची जोडघरं, मधली भिंत सामाईक, आणि मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. रत्नागिरीत कॉम्प्युटर शिकवणाऱ्या बाईला रविवार नसतो. कुणाचा प्रिंटर कागद गिळतो, कुणाच्या मोबाइलमधून नातवाचे फोटो उडतात, कुणाला लाइटबिल ऑनलाइन भरायचं असतं. सगळे शेवटी माझ्याच पडवीत येऊन बसतात. वेळेवर नाही म्हणायला मी शिकले नाही आणि आता शिकायचा कंटाळा येतो.

भाऊ मूळचे पूर्णगडचे. उमेदीची सगळी वर्षं बोटीवर इलेक्ट्रिशियन होते. बोटीवर असतानाच इथे कातळावर घर घेतलं आणि निवृत्त झाल्यावर कायमचे राहायला आले. बोटीवरून येताना त्यांनी दोन गोष्टी आणल्या. एक इलेक्ट्रिक गिटार, आणि दुसरी जगातल्या सर्व दुखण्यांवरचं एकच निदान. माझं डोकं दुखत असलं की म्हणणार, "अर्थिंग नाय तुझा. चपला काढ नि अंगणात उभी र्‍हा." समोरच्या घरात नवराबायकोचं वाजलं की म्हणणार, "दोघांचाही अर्थिंग गेला. आता शॉक बसणारच." आमच्या नगरसेवकाबद्दलही त्यांचं हेच मत आहे. आणि काही बिनसलं की सुस्कारा टाकून म्हणायचं, "बोटीवर असा चालला नसता."

गिटारीबद्दल मला एवढंच ठाऊक होतं की रोज दिवेलागणीला भिंतीपलीकडून ढ्यांग ढ्यांग सुरू होतं. त्यांच्याकडे एक जुना छोटा अँप्लिफायर आहे, त्याची घरघर आणि वर हे ढ्यांग ढ्यांग. ह्यात गाणं म्हणून काही नसायचं. मी कान देऊन पाहिलं, कान बंद करूनही पाहिलं. इतकी वर्षं वाजवून माणसाला एकही चाल येऊ नये याची मला कीवही यायची. पेपर तपासत बसलेली असले की कीव कमी आणि वैताग जास्त.

तर मार्चमध्ये एका संध्याकाळी भाऊ गिटार खांद्याला लावून माझ्या दारात उभे राहिले.

"बाय, ही तुझ्या त्या कॉम्प्युटरात घालायची."

मी 'बाय' असले की काम मोठं असतं. किरकोळ कामाला मी 'मॅडम' असते.

"मोबाइलवर रेकॉर्ड करा ना भाऊ. बटण दाबलं की झालं."

"मोबाइलमध्ये सगळाच येतो. भांडी येतात, कावळा येतो, हिचा आवाज येतो. मला फक्त गिटार हवी. दुसरा काय म्हणजे काय नको."

बायकोचा आवाजसुद्धा नको, हे ऐकून मला काकींबद्दल वाईट वाटलं. आता एवढी घाई कशाला, असं मी विचारलं. तेव्हा त्यांनी डावा हात पुढे केला आणि बोटं हलवून दाखवली.

"वायरिंग शाबूत हाय. पण टोकाला करंट पोचत नाय."

मानेतली नस दबली होती. बोटांना तारेचा स्पर्श कळेनासा झाला होता, आणि डॉक्टर म्हणाले होते की ऑपरेशन करूनही तो परत येईलच असं नाही. पुढच्या गणपतीला ही बोटं तारेवर बसतील की नाही सांगता येत नव्हतं. त्याआधी त्यांना आपलं वाजवणं कुठेतरी साठवून ठेवायचं होतं. ढ्यांग ढ्यांग कशाला साठवायचं, हे मला विचारवलं नाही. मी म्हटलं, चला.

कॉम्प्युटर मी त्यांच्या बाहेरच्या खोलीत नेऊन ठेवला. सुरुवातीला आम्ही एक छोटी पिन जोडून गिटार सरळ त्याच्या माइकच्या भोकात घातली. बादलीत तोंड घालून कुणी बोलावं तसा आवाज आला. मग इंटरफेस नावाचा डबा मागवला. त्याला एका बाजूने गिटारची जाड पिन लागते, दुसऱ्या बाजूने कॉम्प्युटरची वायर. आवाज स्वच्छ आला, पण उशिरा. भाऊ आत्ता वाजवायचे आणि हेडफोनमध्ये ते मागाहून उमटायचं.

"कोण हा माझ्या मागून बोलतोय?" ते हेडफोन काढून म्हणाले. मग जरा हसले. "बोटीवरून फोन लावला की असाच व्हायचा. मी हॅलो म्हणायचो, ता हिला उशिरा पोचायचा. तवसर मी दुसरा काय बोललेला. मग दोघा एकदम बोलणार नि दोघा एकदम गप्प. निम्मे पैसे गप्प बसण्यात जायचे."

सेटिंगमध्ये डोकं घालून घालून मी तो उशीर घालवला. त्यात माझी एक अख्खी सुट्टी गेली. मग उरली ती घूंऽऽ अशी घरघर. तारांवर हात ठेवला की कमी व्हायची, हात उचलला की पुन्हा वर यायची. मी निराश झाले. भाऊंचा चेहरा मात्र उजळला. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते दुखणं अखेर समोर आलं होतं.

"अर्थिंग!" ते म्हणाले.

आणि या वेळी ते खरं होतं. आमच्या कातळात पाणी टिकत नाही. पावसाळा सरला की जांभा खडखडीत कोरडा होतो आणि अर्थिंग नावालाच उरतं. भाऊंनी खड्डा उकरला, पालीच्या बाजारातून कोळशाचं पोतं आणलं, मीठ भरलं आणि रोज पाणी सुरू केलं. तेही कधी, तर उन्हाळ्यात, नळाला दिवसाआड पाणी असताना. काकी कमरेवर हात ठेवून मागच्या दारात उभ्या राहायच्या. "माझी अबोली मेली सुकून, नि ह्या खड्ड्याला रोज कळशी! खड्ड्याला फुला येणार हायत काय?"

घरघर उतरली, पण पुरती जाईना. मग शोध लागला की गिटारचं तोंड फिरवलं की ती कमीजास्त होते. भाऊ स्टुलावर बसून होकायंत्रासारखे फिरत राहिले आणि घरघर अगदी बारीक झाली तेव्हा त्यांचं तोंड बरोबर दक्षिणेला होतं. काकींनी हंबरडाच फोडायचा बाकी ठेवला. "तिन्हीसांजेला दक्षिणेकडे तोंड करून बसतात? शोभतं काय?" भाऊ म्हणाले, "बोटीवर दिशा रोज बदलायची. कोण मेला नाय." शेवटी तडजोड झाली. रेकॉर्डिंग सकाळी करायचं आणि आधी देवाला सांगून बसायचं.

आणखी एक कटकट होती. माझ्या मोबाइलमधलं सूर लावायचं ॲप त्यांची प्रत्येक तार थोडी चढलेली दाखवायचं. थोडीच, पण प्रत्येक.

"भाऊ, उतरवा जरा. लाल दिवा लागतोय."

"ॲप चुकताय."

"ॲप कसं चुकेल?"

"मग त्याचा अर्थिंग बघ, मॅडम."

मी नाद सोडला. ज्याला चालच येत नाही त्याचा सूर चढला काय आणि उतरला काय.

एप्रिल संपत आला तेव्हा खड्डा मनासारखा भिजला आणि घरघर गेली. भाऊ रोज सकाळी थोडं थोडं वाजवायचे. बोट तारेवर बसलंय की नाही हे हाताला कळत नव्हतं म्हणून मान वाकवून डोळ्यांनी बघायचे. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. मी शेजारी उत्तरपत्रिका तपासत बसायचे आणि खूण केली की बटण दाबायचे. कधी कधी त्यांची बोटं मध्येच थांबायची. मग ती दुसऱ्या हाताने चोळायची, आणि परत. त्या वेळी ते बोटीबद्दल काही बोलायचे नाहीत.

सगळं झाल्यावर मी पहिल्यापासून ऐकलं. स्वच्छ होतं. पण तेच, ढ्यांग ढ्यांग. थांबतंय, जागा बदलतंय, पुन्हा ढ्यांग ढ्यांग. माझ्या गेलेल्या सुट्टीचं, शिणलेल्या डोळ्यांचं, सगळ्याचं मला एकदम ओझं झालं आणि तोंडातून निघून गेलं, "भाऊ, ह्यात गाणं कुठाय?"

त्यांनी हनुवटीने आतल्या खोलीकडे खूण केली.

"गाणा तिथे हाय. मी साथीचा माणूस."

काकींचं स्वयंपाकघर पलीकडच्या अंगाला आहे, माझ्या भिंतीपासून लांब. दिवेलागणीला काकी तिथे गाणी म्हणतात, आईकडून आलेली जुनी, हळू आवाजात, पोळ्या लाटता लाटता. कुणी समोर आलं की गप्प होतात. भाऊ निवृत्त होऊन घरी आले तेव्हा पहिल्या आठवड्यात त्यांना ते ऐकू आलं. ते आत गेले नाहीत. बाहेरच्या खोलीत गिटार घेऊन बसले आणि साथ दिली. काकी थांबल्या नाहीत. त्याबद्दल दोघं एकमेकांशी कधी बोललेही नाहीत. मला भिंतीतून त्याचा निम्माच भाग ऐकू यायचा.

"बोटा गेली की हिला साथ कोण देणार?" भाऊ म्हणाले. "म्हणून ह्या भरून ठेवला. हिचा आवाज त्यात नको, कारण हिला रोज नवीन म्हणायचा असतो. तू काय बोलू नको हां तिला. नाटका करतात म्हणेल."

त्या संध्याकाळी मी मुद्दाम तिथे थांबले. काकींनी देवापाशी दिवा लावला आणि त्या आत गेल्या. भाऊंनी मला खूण केली. मी स्पीकर लावला. गिटार सुरू झाली, स्वच्छ, आणि आतून काकींचा आवाज आला. दोन ओळी म्हणून झाल्या आणि तो घसरला. पुन्हा धरला, पुन्हा घसरला. मग पिठाच्या हातांनी काकी दारात आल्या. त्यांनी स्पीकरकडे पाहिलं आणि मग भाऊंच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं असावं, कारण नाटकाबिटकाबद्दल त्या काही बोलल्या नाहीत.

"ह्यात तो घूं कुठे गेला?"

"तो घालवला गो. त्याच्यासाठी तर दोन महिने मरत होतो."

"मग मला सूर कुठून गावणार?"

भाऊंनी कोपऱ्यातल्या बंद अँप्लिफायरकडे पाहिलं.

"फ्रिजचा नि तुमच्या त्या खोक्याचा सूर एकच हाय," काकी म्हणाल्या. "गिटार वाजायला लागली की फ्रिज ऐकू येत नाय, मग मी त्या खोक्याच्या घूंवर तर म्हणते. लाइट गेली की मी गप्प असते, इतक्या वर्षांत लक्षात नाय आला?"

"मला वाटला, अंधारात तुला गाणा सुचत नाय."

"तुम्ही बोटीवर असायचात. ह्या घरात आवाज करणारा तो एक फ्रिजच होता. त्याच्यासोबत म्हणायची सवय लागली, ती लागली."

आत फ्रिज चालू होता. मी मोबाइल काढला आणि ॲप त्याच्यासमोर धरलं. सूर थोडा चढलेला, लाल दिवा. भाऊंची गिटार जेवढी चढलेली असायची, अगदी तेवढाच. त्यांनी गिटार काकींना लावली होती, काकींनी स्वतःला फ्रिजला. ॲपचं अर्थिंग ठीक होतं. मीच गाढव.

"आता पुन्हा वाजवायचा म्हणजे..." भाऊ बोटांकडे बघत म्हणाले.

मी म्हटलं, "वाजवायचं नाहीये. गिटार घ्या आणि दक्षिण सोडून पूर्वेला तोंड करून बसा. तारांना हात लावू नका. नुसती घरघर भरून घेऊ आणि ह्याच्याखाली जोडू."

"हात न लावता?"

"हात लावला की ती जाते ना, भाऊ?"

ते मांडीवर गिटार घेऊन बसले आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. मी बटण दाबलं. स्पीकरमधून घूंऽऽ सुरू झालं. पडद्यावर एक जाड सरळ रेघ पुढे सरकू लागली. काकी दारातून म्हणाल्या, "हां, हाच," आणि आत निघून गेल्या. मी गिटारची साथ स्पीकरवर चालू केली, आणि आतून गाणं आलं. या वेळी ते घसरलं नाही. काकींचं गाणं मी पहिल्यांदा पुरतं ऐकलं. थकल्यामुळे असेल, पण मला रडू आलं.

"किती वेळ असा बसायचा?" भाऊंनी कुजबुजत विचारलं.

"गाणं संपेपर्यंत."

ते बसले. गाणं संपेपर्यंत त्यांनी हात गुडघ्यांवरून उचलले नाहीत. डाव्या हाताची बोटं तेवढी लेंग्याच्या कापडावर एकेक जागा बदलत होती, आणि ती बरोबर पडताहेत ना, हे भाऊ मान वाकवून बघत होते.