आरसेमहालातल्या सासूबाई

डॉक्टरांच्या बायकोला ऐन वेळी ऑफिसातून रजा मिळाली नाही, म्हणून सहलीला जावई आणि सासू असे दोघेच निघाले. डॉक्टर दातांचे. स्वतःच्या दवाखान्यात वाघ, पण बाहेर गर्दी दिसली की शेळी. सकाळपासून एक राजवाडा आणि दोन प्रार्थनास्थळं पाहून झाली होती. तिन्ही ठिकाणी डॉक्टरांनी पाहिलं ते एवढंच, की सासूबाई शेजारी आहेत ना.

दुसऱ्या राजवाड्याच्या आरसेमहालात बायकोचा फोन आला.

"आईचा फोटो पाठव. आणि तिचा हात सोडू नकोस."

"अगं, फोटो काढायला हात मोकळा नको का?"

"मग पटकन काढ."

डॉक्टरांनी हात सोडला. भिंतींवर, खांबांवर, छतावर आरसेच आरसे, आणि प्रत्येकात एकेक सासूबाई. "आई, जरा इकडे बघा," डॉक्टर म्हणाले, तर सगळ्या सासूबाई एकदम दुसरीकडे बघू लागल्या. तेवढ्यात मधून कुठल्याशा सहलीचा लोंढा गेला. तो सरला तेव्हा आरशांत फक्त डॉक्टर उरले होते. सगळेच्या सगळे पांढरेफटक.

त्यांनी सिंहासनाचं दालन पालथं घातलं, शस्त्रांचं पालथं घातलं. बायकांच्या स्वच्छतागृहाच्या दाराशी उभं राहून "आई, आहात का आत?" असं विचारलं. आतून कोणीतरी म्हणालं, "आई नाहीये, मी आहे." डॉक्टर तिथून जे सुटले ते थेट फाटकावरच्या पहारेकऱ्यापाशी येऊन थांबले.

"कशा दिसतात?" पहारेकऱ्याने विचारलं.

"वयस्कर आहेत."

"इथं निम्म्या वयस्करच येतात. उंची?"

"बेताचीच."

"कपडे?"

डॉक्टरांनी डोळे मिटून आठवून पाहिलं. "शाल आहे. निळी. किंवा तपकिरी असेल."

"एखादी खूण तरी सांगा."

इथे डॉक्टरांना धीर आला. "खालची डावीकडची शेवटची दाढ नाही. वरच्या दोन दातांना कॅप आहे. मीच बसवलीय."

पहारेकऱ्याने शेजारून जाणाऱ्या एकाचं तिकीट फाडलं. "साहेब, आम्ही दारात तिकिटं बघतो. दात नाही बघत."

फोन पुन्हा वाजला. "फोटो अजून आला नाही," बायको म्हणाली.

"इथे रेंजच नाहीये."

"मग आपण बोलतोय कसे?"

डॉक्टरांनी घाबरून फोनच बंद केला. आता सासूबाई सापडल्या तरी घरी जायची सोय राहिली नव्हती.

थोड्या वेळाने पहारेकरी कारंज्यापाशी चुकलेल्या एका आजींना घेऊन आला. निळी शाल होती. सासूबाई नव्हत्या.

"या नाहीत हो," डॉक्टर रडवेले झाले.

"आधी खूण पटवा, मग बोला," पहारेकरी म्हणाला. त्याने वाटेत सगळं समजावून सांगितलेलं असावं, कारण आजींनी आपण होऊन तोंड उघडलं. उघडं तोंड समोर आल्यावर डॉक्टरांचा नाइलाज झाला. त्यांनी वाकून पाहिलं.

"ही दाढ दुखते ना? रात्री जास्त?"

"तुम्हाला कसं कळलं?" आजी चकित झाल्या.

तेवढ्यात समोरच्या प्रार्थनास्थळाचा ध्वनिक्षेपक खरखरला. "एक जावई हरवले आहेत. उंच, जरा पोक काढून चालतात. डाव्या भुवईवर तीळ. पांढरा शर्ट, दुसरं बटण काळ्या दोऱ्याने शिवलेलं. घाबरले की कानाची पाळी ओढतात. दिसल्यास त्यांच्यावर ओरडू नये, हळूच घेऊन यावं."

पहारेकऱ्याने बटण पाहिलं. मग डॉक्टरांचा हात कुठे आहे ते पाहिलं.

"चला साहेब," तो अगदी मऊ आवाजात म्हणाला.

आजीही बरोबर निघाल्या. त्यांचा मुलगा तिकडेच गेला होता म्हणे.

सासूबाई प्रार्थनास्थळाच्या पायरीवर शांत बसल्या होत्या. शाल हिरवी होती. डॉक्टरांना हायसं वाटलं, रागही आला आणि डोळेही भरून आले. त्यातलं आधी काय दाखवावं ते त्यांना ठरवता येईना. बोलल्या त्या आजीच.

"नशीबवान आहात हो. असा जावई मिळायला भाग्य लागतं. ओळख ना पाळख, माझी दाढ दुखते ते बघताक्षणी ओळखलं."

"हो का?" सासूबाई म्हणाल्या. "माझीही दुखतेय."

डॉक्टर चपापले. "कधीपासून?"

"झाले की बरेच दिवस."

"अहो, मग मला सांगायचं नाही का? एका घरात राहतो आपण."

"सांगितलं होतं. तुम्ही पेपर वाचत होतात. म्हणालात, दवाखान्यात फोन करून नंबर लावा." सासूबाई शाल सावरून उठल्या. "लावलाय. तुमच्या तिथल्या बाईंनी पुढच्या महिन्यातली तारीख दिलीय."