अर्ध्या तासाचं सासर

दाएंग कानांग यांची अट एकच होती, लेक समुद्रापार द्यायची नाही. मकासरच्या धक्क्याजवळ त्यांची भाजलेल्या माशांची खानावळ होती. नवरा गेल्यापासून घरात त्या आणि लेक तिआ, दोघीच. आणि तिआने पसंत केला तो हेंदार्तो, समुद्रापलीकडच्या सुराबायाचा.

"मुलगा गुणी असेल गं, पण आठशे किलोमीटर? मला ताप आला तर तू पोचेपर्यंत मी बरी होऊन मासे भाजत असेन."

तिआने वाद घातला नाही. मुलाचं घर बघून येण्यासाठी आईच्या एकटीच्या नावाने काढलेलं तिकीट तिने आईपुढे ठेवलं. सुटणार सातला, पोचणार साडेसातला.

"अर्धा तास?" कानांग म्हणाल्या. "मासळी बाजार गाठायला याहून जास्त लागतो."

"मी काय बोलू अम्मा, छापलंय ते."

विमानात पट्टा बांधताच कानांगना झोप लागली. उतरून फोन बघितला तर सात अठ्ठावीस. तिथेच लग्न ठरलं. परतीच्या तिकिटावरची वेळ वाचायची त्यांना गरजच वाटली नाही. परत निघायच्या दिवशी त्यांनी भावाला, बासोला, कळवलं, "दहाला निघते. साडेदहाला घ्यायला ये."

बासो शेजाऱ्यांना टेम्पोत घालून मकासरच्या विमानतळावर वेळेवर हजर झाला.

"सुराबायाचं विमान आलं का?" त्याने खिडकीवरच्या मुलीला विचारलं.

"अजून सुटलं नाही. दहाला सुटेल."

"बाई, साडेदहा वाजलेत."

"हो. दहाला सुटेल."

बासो पांढराफटक पडला. "काहीतरी लपवतायत," तो शेजाऱ्यांना म्हणाला. त्यांच्यातल्या दोघी बायका तिथेच दुआ मागायला बसल्या.

इकडे विमान सुटून अर्धा तास होताच कानांग पिशवी घेऊन उभ्या राहिल्या.

"बसा, अजून तासभर आहे," हवाईसुंदरी म्हणाली.

"तासभर? जाताना अर्ध्या तासात गेले मी. पोरी, मकासर मागे तर नाही ना गेलं? चालवणाऱ्याला विचारून ये."

"मागे गेलं म्हणजे?" शेजारच्या माणसाने विचारलं. बघता बघता तीन रांगा खिडकीतून मकासर शोधू लागल्या.

साडेबाराला कानांग बाहेर आल्या, तर शेजारणी गळ्यात पडून रडायला लागल्या. का, ते त्यांना टेम्पोत बसल्यावर समजलं. खानावळीत शिरताच त्या लेकीसमोर उभ्या राहिल्या.

"फसवलंस मला."

तिआने हेंदार्तोला फोन लावून आईच्या हातात दिला.

"अम्मा, तुमचं घड्याळ आमच्यापेक्षा तासभर पुढे असतं," तो चाचरत म्हणाला. "विमानाला दोन्हीकडून दीडच तास लागतो. हे मीच आधी सांगायला हवं होतं. तुम्ही नाही म्हणालात, तरी मी तुम्हाला दोष देणार नाही."

तिआचा हात चुलीपाशी थांबला. कानांग बोटांवर काहीतरी मोजत राहिल्या.

"म्हणजे तुझ्याकडे येताना घड्याळात अर्धाच तास जातो?"

"हो."

"आणि इकडे परतताना अडीच?"

"हो, अम्मा."

"मग लग्नानंतर मला नुसतं तुझ्याकडे यायचं तिकीट काढ. परतण्यात एवढा वेळ कोण घालवणार?"

तिआ तोंडाला ओढणी लावून हसत होती. फोनवर हेंदार्तो म्हणाला, "मी घरात विचारून सांगतो."