शिडीच्या त्रेचाळीस सूचना

"सोडली!" रंगमास्तरांनी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून जाहीर केलं आणि बाटलीत उरलेली दारू मोरीत ओतून दिली. "दारू सोडणं म्हणजे काय हो? लोक उगाच बाऊ करतात. मनात आणलं की झालं! नखं कापायला याहून जास्त वेळ लागतो!"

बायको भाजी चिरत होती. तिनं मान वर केली नाही. तिचा भाऊ कडेवर आठ महिन्यांच्या लेकीला घेऊन उभा होता, तो मात्र म्हणाला, "दाजी, हे तुम्ही गेल्या वर्षीही म्हणाला होतात. फक्त तेव्हा नखांच्या जागी दाढी होती."

रंगमास्तर म्हणजे रंगाच्या कारखान्यात रंग जुळवून देणारा माणूस. गिऱ्हाईक कापडाचा तुकडा आणो, फरशीचा टवका आणो, हे एकदा बघणार आणि म्हणणार, "पांढऱ्यात दोन थेंब काळा, अर्धा थेंब पिवळा." डब्यातून तोच रंग निघणार! एकदा म्हणे त्यांनी फोनवर नुसता आवाज ऐकून गिऱ्हाईकाच्या भिंतीचा रंग ओळखला होता. खोटं वाटत असेल तर मला खुशाल चुना फासा.

पण संध्याकाळचे दोन पेले हळूहळू दुपारकडे सरकले आणि एके दिवशी एका शाळेच्या भिंतींसाठीचा साधा फिका पिवळा रंग असा काही गुलाबी निघाला, की पहिलीच्या पोरांनी मधल्या सुट्टीत भिंती चाटल्या! कारखान्याच्या मॅनेजरबाईंनी पत्र दिलं: यापुढे कामावर प्यालेले किंवा झोपलेले आढळलात, तर कायमचे घरी.

पत्राची तशी भीती नव्हती. भीती होती बायकोची. एरवी ती चांगली तासभर तोंडसुख घ्यायची आणि मग वाढायला बसायची. या वेळी तिनं पत्र वाचलं, घडी घातली, दागिन्यांच्या डब्यात ठेवलं आणि एक अक्षर बोलली नाही. कडाडणारी बायको गप्प झाली की समजावं, आता आपलं काही खरं नाही! त्याच दिवशी बाटली मोरीत गेली.

दारू गेली ती गेलीच. पण जाताना झोपेलाही बरोबर घेऊन गेली!

पहिल्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. दुसऱ्या रात्री तेच. तिसऱ्या रात्री रंगमास्तरांना छताच्या पांढऱ्या रंगात सतरा वेगवेगळे पांढरे दिसले आणि त्यातले चार चुकीचे निघाले!

डॉक्टर म्हणाले, "अहो, शरीराला सवय होती. जरा धीर धरा, झोप आपोआप येईल. गोळी देणार नाही."

"किती धीर?"

"काही आठवडे."

"डॉक्टर, मी आठवड्यांत मोजत नाही हो, मिनिटांत मोजतोय!"

मग सल्ल्यांचा पाऊस पडला. कोमट दूध घ्या. पाय गरम पाण्यात बुडवा. मेव्हणा म्हणाला, "दाजी, हजारापासून उलटे आकडे मोजा." मोजले. शून्याला पोचले, पुढे उणे चारशेपर्यंत गेले, तेवढ्यात दूधवाल्यानं बेल वाजवली. बायको कूस वळवून निजलेली असायची. निदान तसं दिसायचं तरी.

पाचव्या दिवशी डोळे शेंदरी रंगाच्या नमुन्याला जुळायला लागले. हात थरथरत होता, काळा आणि गडद निळा एकसारखे दिसत होते. अशात महिन्याचं सुरक्षा व्याख्यान आलं.

सुरक्षा अधिकाऱ्यांना अख्खा कारखाना 'शिडीसाहेब' म्हणायचा. कारण अठरा वर्षं त्यांचा विषय एकच: शिडी चढताना घ्यायची काळजी. एकूण सूचना त्रेचाळीस! माणूस देवमाणूस, तळमळ खरी. पण आवाज असा, की वीज गेल्यावर पंखा थांबत थांबत घरघरतो ना, अगदी तसा. चढ नाही, उतार नाही. आयुष्य शिडीवर घालवलेल्या माणसाच्या आवाजात एकसुद्धा पायरी नव्हती!

"सूचना क्रमांक तीन," शिडीसाहेब म्हणाले. "शिडीचे दोन्ही पाय... समान... पातळीवर..."

शेजारच्या पॅकरनं कोपर मारलं तेव्हा रंगमास्तर दचकून उठले. व्याख्यान संपलं होतं. लोक बाहेर पडत होते. मॅनेजरबाईंचं लक्ष नव्हतं म्हणून नोकरी वाचली. पण रंगमास्तरांना नोकरीचं भानच कुठं होतं? पाच दिवसांत पहिल्यांदा ते झोपले होते!

धावत त्यांनी शिडीसाहेबांना गाठलं. "साहेब, हे व्याख्यान मला घरी ऐकायचंय. रोज. मोबाइलमध्ये भरून द्याल?"

शिडीसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "पूर्ण?"

"पूर्ण."

"त्रेचाळीसही?"

"साहेब, त्रेचाळीस कमी पडतील की काय, अशी धास्ती वाटते!"

साहेबांचे डोळे भरून आले. रंगाच्या पिंपांच्या खोलीत दार लावून बसून त्यांनी पावणेदोन तास, घसा कोरडा पडेपर्यंत, सगळं व्याख्यान मोबाइलसमोर म्हटलं. रंगमास्तरांना तेवढा वेळ कानात कापूस घालून मान हलवत बसावं लागलं.

रात्री दिवा मालवला आणि मोबाइल उशाशी ठेवला.

"हे कोण बोलतंय?" बायकोनं अंधारात विचारलं. पत्रानंतरचं तिचं हे पहिलं वाक्य.

"आमचे शिडीसाहेब."

"आणि काय सांगताहेत?"

"तूच ऐक."

दोघांना जाग आली तेव्हा दूधवाला बेल वाजवून, कंटाळून, पिशवी दाराला अडकवून निघून गेला होता! चौथ्या सूचनेच्या पलीकडे त्या घरात कोणी गेलंच नाही.

मेव्हण्याची लेक रात्रभर रडायची. तो व्याख्यान मागून घेऊन गेला. पोरगी "सूचना" एवढं ऐकूनच आडवी झाली, क्रमांकाची वाटसुद्धा बघेना! त्याच्याकडून ते वरच्या मजल्यावर गेलं, तिथून समोरच्या बिल्डिंगमध्ये. रात्रीचे दहा वाजले की खिडक्याखिडक्यांतून एकच घरघर सुरू व्हायची आणि सव्वादहाला सगळी गल्ली चिडीचूप. एक चोर आला होता म्हणे. आतल्या माणसांचा अंदाज घ्यायला खिडकीशी कान लावून बसला, तो सकाळी झाडूवालीनं हलवून उठवला!

इकडे रंगमास्तरांचा हात स्थिर झाला, नजर परतली. बायको अजून मोजकंच बोलायची, पण डब्यात भाजी दोन प्रकारची येऊ लागली. आणि रोज जेवणाच्या सुट्टीत शिडीसाहेब शेजारी येऊन बसायचे.

"मग? काल ऐकलंत?"

"साहेब, अगदी गुंगून गेलो!"

"घरचे कंटाळत नाहीत ना?"

"छे हो! चकार शब्द काढत नाहीत."

एकही शब्द खोटा नव्हता. आणि तिथंच घात झाला! साहेब हरखून गेले. तडक मॅनेजरबाईंकडे गेले. ठरलं असं, की कारखान्याच्या सुरक्षा दिनाला 'आदर्श श्रोता' म्हणून रंगमास्तरांचा सत्कार करायचा, सहकुटुंब बोलवायचं आणि त्याआधी साहेबांनी निवडक सूचना ऐकवायच्या.

घरी येऊन रंगमास्तर खुर्चीत कोसळले.

"खरं सांगून टाका ना," बायको म्हणाली.

"कसं सांगू? अठरा वर्षांत त्या माणसाला एक श्रोता मिळाला, आणि तोही झोपलेला! मरेल बिचारा!"

सुरक्षा दिन उजाडला. सकाळी अकराची वेळ. गोदामात खुर्च्या मांडलेल्या. पहिल्या रांगेत बायको, मेव्हणा आणि मेव्हण्याच्या मांडीवर लेक. मंचावर टेबल, टेबलावर नव्या पांढऱ्या रंगाचा उघडा डबा, मागे मॅनेजरबाई आणि त्यांच्या शेजारी रंगमास्तर. त्यांनी चार कप काळी कॉफी ढोसली होती आणि उजव्या बुटात टाचणी उलटी ठेवली होती. आज काय वाट्टेल ते झालं तरी झोपायचं नाही!

शिडीसाहेब उभे राहिले. घसा खाकरला.

"सूचना... क्रमांक... एक."

काय सांगू तुम्हाला! कॉफी झोपली, पाय झोपला, बुटातली टाचणीसुद्धा आडवी झाली! रंगमास्तरांची मान आधी डावीकडे गेली, मग उजवीकडे, आणि शेवटी मॅनेजरबाईंच्या खांद्यावर विसावली. बाईंनी खांदा झटकला. रंगमास्तर टेबलावर आडवे, कोपर डब्यावर, आणि डबा थेट बाईंच्या काळ्या बुटांवर!

"प्यालाय हा माणूस!" बाई ओरडल्या. "पुन्हा प्यालाय! आणि सत्काराला?"

साक्षीला म्हणून त्यांनी समोर बघितलं, तर पहिल्या रांगेत बायकोची मान मागे पडलेली, तोंड उघडं. तिच्या खांद्यावर मेव्हणा, मेव्हण्याच्या छातीवर लेक. तिघं तीन सुरांत घोरताहेत!

"सहकुटुंब?" बाईंचा आवाज चिरकला.

गदागदा हलवून सगळ्यांना उठवलं. बायकोला प्रकार कळला आणि ती ताडकन उभी राहिली. "प्यालेली? मी? अहो बाई, मी चहासुद्धा अर्धा कप घेते!"

ट्रक ड्रायव्हरांचा श्वास तपासायचं यंत्र फाटकावर असतं, ते मागवलं. वॉचमन धावत घेऊन आला. रंगमास्तर फुंकले, शून्य. बायको फुंकली, शून्य. मेव्हणा फुंकला, शून्य. वॉचमन कामाला एकदम चोख. तो पोरीपुढे वाकला.

"तिला राहू दे!" बाई खेकसल्या. मग रंगमास्तरांकडे वळल्या. "प्यायला नाहीत. मग भर अकरा वाजता चौघंच्या चौघं झोपलात कशानं?"

शिडीसाहेब हातात सत्काराची चौकट घेऊन उभे होते. चेहऱ्यावर राग नव्हता, नुसती काळजी होती. माझ्या एकुलत्या एक श्रोत्याला काही झालं तर नाही ना, अशी.

रंगमास्तरांनी त्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "यंत्र बिघडलंय, बाई. मी प्यालोय."

"काय?"

"भरपूर प्यालोय. सकाळपासून."

"यंत्र शून्य दाखवतंय!"

"यंत्राला काय कळतंय! मी काय सांगतो ते ऐका!"

"पत्रात काय लिहिलंय, लक्षात आहे ना? कायमचे घरी!"

"लक्षात आहे." रंगमास्तरांनी मान खाली घातली. पुढच्या रांगेकडे बघायची हिंमत मात्र झाली नाही.

आणि तेवढ्यात गोदामाचे पत्रे हादरले! बायको कडाडली होती.

"खोटं बोलताहेत हे! धडधडीत खोटं! एक थेंब घेतलेला नाही! रात्र रात्र छताकडे बघत पडलेत, हात थरथरताहेत, घामानं उशी भिजतेय, आणि तरी घेतली नाही! मला विचारा! यांना वाटायचं, मी झोपलेय. मीही जागीच होते!"

"अगं, हळू..." रंगमास्तर पुटपुटले.

"हळू कशाला? इतके दिवस गप्प राहिले ते पुष्कळ झालं! शिडीसाहेब, मला माफ करा, पण तुमच्या आवाजानं झोप येते! यांना येते, मला येते, माझ्या भावाला येते, आमच्या सगळ्या गल्लीला येते! तुमच्या पायी माझा नवरा बरा झाला, आणि आता तुमच्याच पायी त्याची नोकरी जातेय!"

रंगमास्तरांना शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं व्हायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर त्या कडकडाटानं त्यांच्या जिवात जीव आला. बायको पुन्हा ओरडायला लागली! सुटलो!

शिडीसाहेबांनी हळूच विचारलं, "कितव्या सूचनेला?"

"चौथ्या," रंगमास्तर म्हणाले.

"सहाव्या," मेव्हणा म्हणाला. "पोरगी पहिल्याच."

"म्हणजे त्रेचाळिसावी..." साहेबांनी गोदामभर नजर फिरवली. "कोणालाच माहीत नाही?"

पॅकर जमिनीकडे बघू लागले. वॉचमननं यंत्र निरखायला घेतलं. मॅनेजरबाई आपल्या पांढऱ्या झालेल्या बुटांकडे बघत म्हणाल्या, "मास्तर, ते पत्र रद्द समजा. मी स्वतः तिसरीच्या पुढे कधी गेलेली नाही."

शिडीसाहेबांनी चौकट टेबलावर पालथी ठेवली आणि ते निघून गेले. आठ दिवसांची रजा टाकली. रंगमास्तर दोनदा त्यांच्या घरी जाऊन आले. दार उघडलं नाही. आतून मात्र आरडाओरडा ऐकू यायचा.

नवव्या दिवशी साहेब आले ते गळ्यात मफलर गुंडाळून, डोळ्यांत चमक घेऊन. "मास्तर, मी माझं व्याख्यान पहिल्यांदाच ऐकलं. पाचव्या सूचनेला मीच झोपलो! आता सगळं नव्यानं केलंय. जुनं पुसा. मी स्वतः घरोघर जाऊन पुसणार!"

आणि पुसलंही! नव्या व्याख्यानात एक रंगारी आहे. त्याचं उद्या लग्न आहे आणि आज तिसऱ्या मजल्याची शेवटची खिडकी रंगवायची आहे. प्रत्येक सूचना तो एकेक करून मोडतो, आणि प्रत्येक सूचनेच्या शेवटी साहेब नेमके श्वास रोखायला लावून थांबतात. कारखान्यात लोक हल्ली व्याख्यानाला जागा धरून बसतात. गल्लीत रात्री एक वाजेपर्यंत दिवे चालू असतात.

डॉक्टर शेवटी बरोबर निघाले. दारू सुटली ती सुटलीच, आणि रंगमास्तरांना आता कशाच्याही मदतीशिवाय साडेनऊला छान जांभया येतात. ते आडवे होतात, डोळे मिटतात, पहिली डुलकी लागते न लागते तोच बरगडीत कोपर बसतं.

"अहो, उठा! एकविसावी लावा! त्यानं दोन्ही हात सोडलेत, आणि खाली कुत्रं शिडीला अंग घासतंय!"