आट्याचा की पिनांचा

सादिरकुलने झुंबर छताला टांगलं, स्टुलावरून उतरून कंबरेवर हात ठेवून ते डोळे भरून पाहिलं आणि मगच बायकोला हाक मारली.

झूराकान हात पुसत आली. झुंबर तिच्या भावाने लंडनहून पाठवलं होतं. पितळी दांड्या, सहा फांद्या, खाली काचेचे लोलक. संध्याकाळी ओश शहराच्या दुसऱ्या टोकाहून व्याही येणार होते. विहीणबाई सादिरकुलच्या लेकीच्या, नुरझातच्या, कानात कानातले घालणार आणि लग्न पक्कं होणार.

"छान आहे. लावा की," झूराकान म्हणाली.

"बल्ब आणायचेत अजून."

"मग जुना दिवा कशाला काढलात?"

जुना दिवा सादिरकुलने सकाळीच गावाकडच्या दुसऱ्या मेव्हण्याला देऊन टाकला होता, आणि मेव्हणा एव्हाना डोंगरापलीकडे पोचला होता. हे त्याने सांगितलं नाही. टोपी घातली आणि बाजार गाठला.

"जाड आट्याचा की बारीक?" दुकानदाराने विचारलं.

सादिरकुलने होल्डरमध्ये डोकावून पाहिलंच नव्हतं. पण आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवलेल्या माणसाला 'माहीत नाही' म्हणणं जड जातं. "बारीक," तो म्हणाला.

घरी आल्यावर बारीक आट्याचा बल्ब होल्डरमध्ये नुसता गरगर फिरत राहिला. फिरवता फिरवता सादिरकुलचं मनगट दुखलं, बल्ब काही धरेना. शेवटी चष्मा लावून त्याने आत पाहिलं. आत आटे नव्हतेच. गुळगुळीत नळी, आणि कडेला समोरासमोर दोन खाचा.

त्याने फोटो काढला आणि पुन्हा दुकान गाठलं. दुकानदाराने मोबाइलवरचा फोटो उलटासुलटा करून पाहिला. "आगा, याला पिनांचा बल्ब लागतो. दोन बाजूंना दोन पिना असतात, दाबायचा आणि वळवायचा. आपल्याकडे सगळे आट्याचे. हे झुंबर जिथून आलं, तिथेच बल्ब मिळतील."

"लंडनला जाऊन येईपर्यंत पुलाव गार होईल," सादिरकुल म्हणाला आणि परत फिरला.

जिन्यात शेजारचा मामीर भेटला. मामीरला प्रत्येक अडचणीवर उपाय माहीत असे, आणि तोच त्याचा दोष होता.

"दोन पिना ना? माझ्या गाडीच्या मागच्या दिव्याला तसाच बल्ब आहे," तो म्हणाला आणि लगेच काढून घेऊन आला.

गाडीचा बल्ब खाचांत असा बसला, जसा काही तिथेच जन्मला होता. दोघांनी एकमेकांकडे अभिमानाने पाहिलं.

"झूराकान, बटण दाब," सादिरकुल म्हणाला.

झुंबरातून निळी ठिणगी उडाली, फट्ट असा आवाज झाला आणि मजल्यावरच्या चारही घरांतली वीज गेली. गाडीच्या बॅटरीची वीज ती केवढी आणि भिंतीतली केवढी, हे मामीरला तेव्हा आठवलं. "मी फ्यूज बघून येतो," म्हणून तो जो बाहेर सटकला तो आत आलाच नाही.

शेजारच्या बायका दारात जमल्या. सगळ्यांत पुढे ऐनाश, जी घरी पडदे शिवायची.

"सादिरकुल आगा, काय केलंत? माझं मशीन मध्येच बंद पडलं. उद्या सकाळी गिऱ्हाईक येणार आहे."

तेवढ्यात वीज आली. आतल्या खोलीत नुरझात स्वतःच्या पोशाखाची दुमड शिवत बसली होती. तिच्या मशीनवरचा चिमुकला दिवा लागला. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग बटण बंद करून तिने तो दाबून वळवला आणि हातात घेऊन बाहेर आली.

"बाबा, यालाही दोन पिना आहेत. आणि हा भिंतीतल्या विजेवरच चालतो."

दिवा झुंबरात बसला आणि लागला. मिणमिणता, पण लागला. सादिरकुलने बायकांकडे पाहिलं. मजल्यावर कोणाकोणाकडे मशीन आहे, हे विचारायची गरजच नव्हती.

"देते," ऐनाश म्हणाली, "पण कार्यक्रम झाला की लगेच घेऊन जाणार."

खालच्या मजल्यावरही निरोप गेला आणि सहा दिवे भरले. पण ज्या बायकांनी दिवे दिले, त्या आपापल्या दिव्याखाली ठाण मांडून बसल्या. नवीन कपडे घालून, चहा घेत, तळलेले बोरसोक खात.

व्याही ओर्मोन आणि विहीणबाई बात्मा दारात आले, तेव्हा खोली माणसांनी भरलेली होती. बात्मा नवऱ्याच्या कानाशी म्हणाली, "बघा, शेजाऱ्यांची किती माया आहे या लोकांवर." ओर्मोन मात्र ताठ चेहऱ्याने बसला. पुलाव वाढला तरी तो फक्त छताकडे बघत होता.

नुरझातच्या कानात कानातले गेले, पांढरा रुमाल डोक्यावर आला, सगळ्यांनी दुवा मागितली. हात चेहऱ्यावरून खाली येतात न येतात तोच ऐनाश उठली आणि स्टूल ओढलं.

"बस की गं जरा," झूराकान हळूच म्हणाली.

"पडदे राहिलेत. माझा दिवा द्या, मी निघते."

विहीणबाईंनी वर पाहिलं, ऐनाशकडे पाहिलं, मग सादिरकुलकडे. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्याने सगळं सांगून टाकलं, गाडीच्या बल्बसकट. सांगताना त्याचे कान लाल झाले होते. आता हे लोक काय म्हणतील, पोरीचं काय होईल, असं त्याच्या मनात येत होतं.

बात्मा डोक्यावरच्या रुमालाआड हसायला लागली. तिला आवरेचना.

"आमच्या पुतण्याने अगदी असंच झुंबर पाठवलंय. दोन हिवाळे झाले, अंधारातच लटकतंय. हे पाहुण्यांना सांगतात, आम्हाला मेणबत्त्याच आवडतात. मी केव्हाची बघतेय, यांचं लक्ष जेवणात का नाही ते."

ओर्मोन खाकरला. मग उठला, ऐनाशच्या हातातून स्टूल घेतलं, स्वतः चढला आणि तिचा तापलेला दिवा रुमालात धरून दाबून, वळवून काढला. डोळ्यांजवळ नेऊन त्याच्या दोन पिना निरखून पाहिल्या. संध्याकाळपासून पहिल्यांदाच त्याचा चेहरा सैल पडला.

"व्याही," तो वरूनच हळू आवाजात म्हणाला, "उद्या माझ्याकडे या. आमच्या इमारतीत शिवणाऱ्या बायका पुष्कळ आहेत, पण त्यांच्याकडे दिवा मागायला मला एकट्याला लाज वाटते."