नमुना अपुरा

शरीरात जे सापडतं ते दुसरंच काही शोधताना सापडतं, हे वैद्यकशास्त्राचं पहिलं तत्त्व आहे. (जे शोधायला जावं ते सापडत नाही, हे दुसरं.)

त्यानुसार निवृत्त हेडक्लार्क कुशीत दुखतंय म्हणून मुतखडा शोधायला गेले. मुतखडा निघाला नाही. पण सोनोग्राफीच्या बाई एकाच जागी यंत्र फिरवत राहिल्या आणि तिसऱ्यांदा "श्वास धरा" म्हणाल्या, तेव्हा हेडक्लार्क समजले की आपली फाइल उघडली. स्वादुपिंडाच्या शेपटाकडे अठ्ठावीस मिलिमीटरची सिस्ट, म्हणजे पाण्याची गाठ होती. आपल्या आत कशाला तरी शेपूट आहे हेही त्यांना त्याच दिवशी कळलं.

आठवडाभरात तेवीस जण भेटून गेले. पैकी एकोणीस जणांच्या ओळखीत अगदी हेच कोणाला तरी झालं होतं. त्या एकोणीस रुग्णांपैकी अकरा ठणठणीत होते. उरलेल्या आठांची हकीकत सविस्तर सांगण्यात आली.

पोटाच्या डॉक्टरांनी समजावलं, की गाठ दोन जातींची असते. एक जन्मभर गप्प बसते, दुसरी पुढेमागे कॅन्सर होऊ शकते, आणि फोटोत दोघी सारख्याच दिसतात. म्हणून टोकाला सोनोग्राफी बसवलेली दुर्बीण तोंडातून जठरात न्यायची, तिथून जठराच्या भिंतीतून सुई पलीकडे गाठीत घालायची आणि आतला ऐवज तपासायचा. हेडक्लार्कना पद्धत पटली. समोरचं दार बंद असेल तर शेजारच्या खोलीतून काम करून घ्यायचं, हे त्यांच्या परवाना खात्यातही मान्य होतं.

अडलं ते संमतिपत्रात. अकरा संभाव्य धोक्यांच्या यादीत अनुक्रमांक चार दोनदा आला होता. हेडक्लार्कनी तो लाल शाईने गोल केला, 'दुरुस्तीसह फेरसादर करावे' असा शेरा मारला आणि कागद सिस्टरांकडे परत दिला. दुरुस्त कागद आला तोवर डॉक्टर दुसऱ्या रुग्णाकडे गेले होते. पुढची तारीख आठ दिवसांनंतरची मिळाली. (धोके तेव्हाही अकराच राहिले, फक्त शिस्तीत.)

त्या आठ दिवसांत त्यांची भूक गेली. एका दुपारी त्यांनी बायकोला कपाटापुढे उभं केलं आणि कुठला कागद कुठल्या कप्प्यात आहे ते दाखवू लागले. बाईंनी कपड्यांच्या घड्या घालत सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अहो, हे सगळं मीच लावलंय तिथं."

मग तपासणी झाली. दातांत प्लास्टिकची कडी, डाव्या कुशीवर झोप, हाताच्या शिरेतून गुंगी. हेडक्लार्क "सुरू कधी करणार?" असं विचारायला जागे झाले तेव्हा सगळं उरकलं होतं. डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं, की पाणी जेमतेम निघालं, पण बोटांत धरून पाहिलं तर तार येत नव्हती.

"एकतारीसुद्धा नाही?" बाईंनी विचारलं. स्वयंपाकघराबाहेर त्यांचं पाकाचं ज्ञान प्रथमच उपयोगी पडत होतं.

तार नसणं चांगलं, असं डॉक्टर म्हणाले. पण खात्री रिपोर्टवर.

रिपोर्ट दवाखान्याच्या खिडकीवर मिळाला. त्यात एकच ओळ होती: नमुना अपुरा, निदान शक्य नाही, पुन्हा सादर करावा.

बाईंनी तो दोनदा वाचला. "नमुना अपुरा म्हणतात?" त्या म्हणाल्या. "मला तर पुरून उरलाय."

हेडक्लार्क हसले नाहीत. शेऱ्याची भाषा निर्दोष होती. तशीच ती त्यांनी चौतीस वर्षं वापरली होती. त्यांना एक शिंपीण आठवली. दुकानाच्या परवान्यासाठी ती चार वेळा आली आणि चारही वेळा फोटोत कान दिसत नाहीत म्हणून परत गेली. पाचव्यांदा आली नाही. शेरा वाचल्यावर माणूस खिडकीपासून दारापर्यंत कसा चालत जातो, हे टेबलाच्या अलीकडून कधी दिसलं नव्हतं. ते त्या दिवशी दवाखान्याच्या खिडकीपासून दारापर्यंत तसेच चालत गेले.

दुसऱ्या खेपेस संमतिपत्रात धोका सात गाळला गेला होता. हेडक्लार्कनी मुकाट्याने सही केली. या वेळी सुईतून इवलासा चिमटा घालून गाठीच्या भिंतीचेच तुकडे काढले. सहाव्या दिवशी डॉक्टरांनी कागद पुढे सरकवला. गाठ गप्प बसणाऱ्या जातीची होती. कॅन्सर नाही, होण्यासारखंही काही नाही.

"आता पुन्हा केव्हा यायचं?" हेडक्लार्कनी विचारलं.

"यायचं नाही," डॉक्टर म्हणाले.

असा निकाल कुठल्याही खिडकीवर मिळू शकतो, यावर त्यांचा विश्वास बसेना. त्यांनी चष्मा पुसला, मग डोळे, मग पुन्हा चष्मा. बाईंनी त्यांच्या हातातून कागद काढून पिशवीत टाकला आणि भूक लागल्याचं जाहीर केलं. दोघांनी पोटभर जेवण केलं. हेडक्लार्कनी भात तीनदा घेतला.

प्रकरण येथे निकाली निघालं. मात्र हे वाचताना ज्या वाचकांनी मघापासून पोटावर हात ठेवून हळूच दाबून पाहिलं आहे, त्यांनी हात काढावा. स्वादुपिंड तिथं नसतं. तिथं जे लागतंय ते दुसरंच काहीतरी आहे.