ऊबदार खरखर

सिडकोतल्या स्नेहदीप कॉलनीच्या सभागृहातला अ‍ॅम्प्लिफायर खरखरतो, ही गंभीर बाब दोन हजार चार साली नवरात्र सरताच कॉलनी मंडळाच्या बैठकीपुढे आली. कारणही तसंच होतं. यंदा दिवाळी पहाटेला बाहेरचा कलावंत न आणता कॉलनीतल्याच छायाताईंनी गावं, असं ठरलं होतं. छायाताई महापालिकेच्या शाळेत गाणं शिकवायच्या. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या पोरांकडून स्वागतगीतं बसवून घेतली, स्वतः मांडी घालून मैफल करायची पाळी पहिल्यांदाच आली होती. आपला आवाज लोकांना आहे तसा ऐकू जावा, एवढंच त्यांचं मागणं होतं. ते त्यांच्या नवऱ्याने, ज्ञानेशने, बैठकीत मांडलं.

ज्ञानेश मंडळाचा चिटणीस. अंबडच्या एका कारखान्यात तो माल तपासायचा. केसभर फरकाचा पुर्जा सापडला की गेला लाल पेटीत, मग मधे मालकाचा मेव्हणा का पडेना. या कडकपणाचा त्याला भारी अभिमान होता आणि तो कॉलनीला न विचारता ऐकायला मिळायचा.

"घ्यायचं तर मशीन एकदम उत्तम घेऊ," अध्यक्ष भिमाजी आहेर म्हणाले. भिमाजी मूळचे देवळ्याचे, सरकारी खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. उत्तम म्हणजे काय हे कळत नसलं की महागडं ते उत्तम समजावं, ही खात्याची पद्धत त्यांनी कॉलनीतही चालू ठेवली होती.

तर मंडळी गंगापूर रोडवरच्या अश्विनच्या साउंड सिस्टिमच्या दुकानात गेली. दुकान कसलं, गाभाराच तो. चपला बाहेर काढायच्या, आत कुणी मोठ्याने बोलायचं नाही. मधोमध एका टेबलावर काळी पेटी आणि तिच्यावर काचेच्या नळ्या मंद पेटलेल्या. अश्विनने हळुवार हाताने तबकडी लावली. गाणं सुरू झालं, आणि गाण्याच्या अंगाअंगाला चिकटून खरखरही.

"अश्विनशेठ, हाही खरखरतोय की," ज्ञानेश म्हणाला.

अश्विनने त्याच्याकडे डॉक्टर पेशंटकडे बघतात तसं पाहिलं. "काका, तुमच्या जुन्या मशीनची खरखर बिघाडाची आहे. ही डिझाइनची आहे. हिला ऊब म्हणतात."

"म्हणजे फरक काय झाला?"

"बिघाड आपोआप होतो, त्याला काय किंमत? ही मुद्दाम, हाताने घालावी लागते."

भिमाजींना हे ताबडतोब पटलं. आपोआप रखडलेली फाइल आणि मुद्दाम रखडवलेली फाइल यांच्या मोलातला फरक त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. जुना अ‍ॅम्प्लिफायर भंगारात गेला, नवा वाजतगाजत आला.

स्नेहदीप कॉलनीत एक रीत आहे. ज्याने वर्गणी दिली त्याचं नाव वस्तूवर रंगवायचं. सभागृहातल्या पंख्याच्या प्रत्येक पात्यावर वेगळ्या घराण्याचं नाव आहे, पंखा फिरला की सगळी घराणी एकमेकांत मिसळतात. या मशीनसाठी घरटी वर्गणी झाली होती, त्यामुळे पेटीच्या चारही बाजू नावांनी भरून गेल्या. आता बघा, ज्या वस्तूवर आपलं नाव आहे ती खरखरते असं कोण म्हणेल? पहिल्याच दिवशी सगळ्यांना ऊब लागली. कुणाला कानात लागली, कुणाला छातीत. एका काकूंचा गुडघा म्हणे हलका झाला.

तक्रार केली फक्त गोजराबाईंनी. त्या भिमाजींच्या आई. दरवर्षीसारख्या देवळ्याहून दिवाळीसाठी आल्या होत्या. "भिमा, हे लय खरखरतंय रे. जुनं बरं होतं." भिमाजींनी तक्रार बैठकीत ठेवली, कारण नियम म्हणजे नियम. निर्णय असा झाला की मातोश्रींनी स्वतः वर्गणी भरलेली नाही, सबब त्यांना ऐकू आलेली खरखर विचारात घेता येत नाही.

मग पाण्याचा टँकर कधी येणार याची सूचना मशीनवरून दिली गेली. ती कुणालाच उमगली नाही आणि बायका रिकाम्या हंड्यांनिशी घरी परतल्या. तरी मशीनला बोल लावायची कुणाची टाप नव्हती. लोकांचे कान कच्चे आहेत असं ठरलं, आणि ते पिकवण्यासाठी रविवारी सकाळी अश्विनचे श्रवणवर्ग सुरू झाले. वर्गात पहिला धडा, बोलायचं नाही. दुसरा धडा, मान डोलवायची. कॉलनीने दोन्ही झपाट्याने आत्मसात केले.

दिवाळी तोंडावर आली तशी छायाताईंनी मशीनवर तालीम घेतली. ज्ञानेश मुद्दाम शेवटच्या ओळीत बसला. बायकोचा नितळ षड्ज त्याला पाठ होता. स्वयंपाकघरातून, मोरीतून, कुठूनही आला तरी तो ओळखायचा. आज मात्र पलीकडे कुणी पापड चुरतंय असं वाटलं. माल लाल पेटीतला होता, यात काडीची शंका नव्हती.

घरी आल्यावर छायाताईंनी विचारलं, "अहो, खरं सांगा. कसा लागला आवाज?"

"ऊबदार," ज्ञानेश म्हणाला, आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

"मी तुम्हाला मशीनचं नाही विचारलं."

तिकडे तालमीचा अहवाल अश्विननेच दिला. मशीन निर्दोष आहे. दोष आहे तो गायिकेच्या आवाजात. आवाज फारच स्वच्छ आहे, त्यामुळे ऊब उघडी पडते. ताईंनी घसा थोडा बसवून घेतला तर जमेल, नाहीतर वणीकडे त्याच्या ओळखीचा एक गायक आहे, त्याचा मुळातच बसलेला आहे. बैठक भरली. भिमाजी म्हणाले, "ज्ञानेशराव, तुम्ही तपासणीतले माणूस. मशीन की वहिनी, तुम्हीच सांगा."

छायाताई दारातच उभ्या होत्या. नवऱ्याने दोन शब्द बोलायची खोटी होती, मशीन खरखरतंय म्हणून. ज्ञानेशने पेटीकडे पाहिलं. त्याचं नाव पुढच्याच बाजूला होतं, सोनेरी रंगात.

"थंडीचे दिवस आहेत," तो म्हणाला. "आवाज आपोआप थोडा बसेल."

छायाताई दारातूनच घरी गेल्या. त्यांनी गाणं सोडलं नाही, नवऱ्याशी बोलणं तेवढं सोडलं.

नरकचतुर्दशीच्या पहाटे मशीनची पूजा झाली. झेंडूच्या माळांनी पेटी अशी झाकून गेली की काचेच्या नळ्याही दिसेनात. मशीन आधी तापवून ठेवायची जबाबदारी चिटणिसाकडे होती. ज्ञानेश माळांमागे वाकला, इकडेतिकडे पाहिलं आणि प्लग हातात धरून तसाच उभा राहिला. त्याने प्लग गालिच्याखाली सरकवला आणि भिमाजींना मान हलवून खूण केली, की चालू आहे.

छायाताईंनी पहिला सूर लावला आणि त्यांना कळलं की माइक मेलेला आहे. त्यांनी एकदा ज्ञानेशकडे पाहिलं. मग माइक बाजूला सरकवला, डोळे मिटले आणि मोकळ्या गळ्याने गायला लागल्या. श्रवणवर्गाने लोकांना गप्प बसायला शिकवलं होतं, त्याचा आज खरा उपयोग झाला. टाचणी पडली तरी ऐकू यावी अशा शांततेत तो आवाज मागच्या भिंतीपर्यंत गेला. गोजराबाई पदराने डोळे पुसत राहिल्या. आपली बायको इतकं छान गाते हे अख्ख्या कॉलनीला कळलं, एवढ्यानेच ज्ञानेशला भरून पावलं.

मैफल संपली. भिमाजी उठले, त्यांचेही डोळे ओले होते. "काय ही ऊब," ते म्हणाले. "काय हा दाणेदारपणा. आज आपल्या मशीनने वर्गणीचं चीज केलं." आणि शाल-श्रीफळ त्यांनी पहिल्या रांगेतल्या अश्विनच्या हाती दिलं. अश्विनने नम्रपणे सांगितलं की मशीन मुरायला थोडे दिवस लागतात, तेवढा धीर धरावा लागतो.

छायाताई बैठकीवरच बसून होत्या. त्या ज्ञानेशकडे बघत होत्या. रागाने नव्हे, वाट बघत होत्या. त्याने गालिचा तेवढा उचलायचा होता, बोलायचीही गरज नव्हती.

भिमाजींनी विचारलं, "काय ज्ञानेशराव, आता तरी मशीन पटलं ना?"

सभागृह टाळ्यांनी दुमदुमलं. ज्ञानेशनेही टाळ्या वाजवल्या, गालिच्यावर उभा राहून.

तुम्ही म्हणाल, आम्ही नसत्या बाई वाजवल्या. बरं, नसत्या. पण डावीकडचा वाजवतोय, उजवीकडचा वाजवतोय, अशा वेळी तुम्ही तुमचे हात नेमके कुठे ठेवले असते, तेवढं सांगा.