पुलाखालून गेलेली तीन मांजरं

निघालेल्या माणसाला जागच्या जागी अडवायचं सामर्थ्य जगात दोघांनाच आहे: सरकारला आणि मांजराला. एकोणीसशे सत्तावीसच्या माघात ही दोन्ही आमच्या चिकोडी भागातल्या कालव्यावर एकाच नावेतून आली.

नाव लांबलचक आणि अरुंद होती. काठानं चालणारी बैलजोडी ती दोरानं ओढायची. आत कालव्याची पाहणी करणारे साहेब, मडमबाई, त्यांची तीन मांजरं आणि शेवटी मी, म्हणजे दौऱ्याचा कारकून. (क्रम सरकारी यादीतला आहे. मांजरं माझ्या वर होती आणि ते योग्यच होतं. त्यांना छत्री होती.) मांजरांसाठी मासळी तयार ठेवावी, असा हुकूम आधीच गेला होता. गावचे पाटील आप्पाण्णा जैन. त्यांनी मोठ्या अदबीनं तूपभात पाठवला. मांजरांनी तो मुकाट्यानं खाल्ला. सरकारला विरोध कसा करावा, हे मला तेव्हा कळलं.

वाटेत सात पूल होते आणि दिवस बाजाराचा होता. प्रत्येक पुलाखालून तीन मांजरं गेली आणि प्रत्येक पुलावरची वाहतूक थांबली. सातव्या पुलापलीकडे बैलांना पाणी पाजायला नाव उभी राहिली, म्हणून पुढचं सगळं मला नीट दिसलं.

"खालनं गेलं म्हंजे आडवं न्हाय," असं पुलाच्या तोंडाशी गाडी थांबवून बसलेला भरमू म्हणाला. त्यावर बाजाराला निघालेल्या गावच्या कुलकर्ण्यांनी निकाल दिला, की मांजर कालव्यातून सरळच गेलं. आडवा आला तो रस्ता. सबब दोष रस्त्याचा, आणि असल्या रस्त्यावर पाऊल टाकू नये. निकाल सर्वांना पटला, कारण त्यामुळे कोणालाच हलावं लागत नव्हतं.

आता यावर उतारा एकच: दुसऱ्या कोणीतरी आधी ओलांडावं. अलीकडचे पलीकडच्यांची वाट पाहत होते आणि पलीकडचे अलीकडच्यांची. मांजरासाठी थांबलोय, असं मात्र कोणीही कबूल केलं नाही. मी मोजदाद केली. एकूण माणसं एकशे त्रेचाळीस. पैकी मुंडासं सोडून पुन्हा बांधणारे एकतीस, पायातला काटा काढणारे सतरा (काटे निघाले दोन), स्वतःच्याच बैलाची शिंगं निरखणारे नऊ. उरलेले आभाळाकडे बघत होते. साहेबांनी टोपी हलवली आणि अहवालात लिहायला सांगितलं: "प्रजा भर उन्हात तिष्ठत उभी होती. राजनिष्ठा उत्तम." मी लिहिलं.

या राजनिष्ठांत जोतिबाही होता. त्याची लेक जयाबाई पलीकडच्या वस्तीत पहाटेपासून अडली होती आणि तो सुईणीला, धोंडूबाईला, घेऊन चालला होता. ती विधवा. एरवी कामाला निघताना ती समोर आली, तर लोक घरात परत जाऊन पाणी पिऊन निघायचे.

"मावशी, तू हो फुडं," जोतिबा म्हणाला. "मी आलोच पाठनं."

"व्हय मावशी, तुला काय हुतंय!" भरमूनं दुजोरा दिला.

धोंडूबाईनं पदर खोचला. "परवा बैल घ्यायला निघालतास, तवा मला बघून माघारी फिरलास न्हवं रं जोतिबा? आज मीच फुडं व्हय? आन् मांजर गेलं म्हणून पोर आत थांबतंय?"

आणि ती चालू लागली. तिचं पाऊल पलीकडे पडताच दोन्हीकडून अशी झुंबड उडाली की एक शेळी कालव्यात पडली. सर्वांत पुढं जोतिबा होता. मला माझी लाज वाटली. नावेतून उतरून मीही तो पूल ओलांडू शकलो असतो. पण अहवालात लाजेला रकाना नव्हता.

जयाबाई सुटली. मुलगी झाली, दोघी सुखरूप. बाराव्या दिवशी जोतिबा पाळणा आणायला निघाला, तेव्हा वाटेत धोंडूबाई दिसली. तो घरी परतला, पाणी प्याला आणि मग गेला.

माझ्या यादीत मात्र एक खोट राहिली. एकशे बेचाळीस जणांची नावं लागली. एकशे त्रेचाळिसावा पुलाच्या तोंडाशी वाकून चपलेचा अंगठा नीट करत होता, त्यामुळे चेहरा दिसला नाही. आपण तेव्हा जन्मलाही नसाल, हे मला मान्य आहे. तरी यादी पुरी करायची म्हणून विचारतो: परवा रस्त्यात मांजर गेलं, तेव्हा आपल्या चपलेला काय झालं होतं?